गुडघेदुखीसाठी प्रथमच ॲक्युपंक्चर घेताना

नमस्कार ताई. आपण दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे: वय ५८, दोन्ही गुडघ्यांची तीन वर्षांपासून वाढत गेलेली झीज, बऱ्याच वर्षांचा मधुमेह, आणि नऊ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसवल्यामुळे रोज ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल. हृदयरोगतज्ज्ञांनी वेदनाशामक गोळ्या (आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या) टाळायला सांगितल्यामुळे आपण ॲक्युपंक्चरचा, म्हणजे ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून करायच्या उपचाराचा, विचार करत आहात. घराजवळच्या एका केंद्राने वीस सिटिंगचे पैसे एकरकमी मागितले असून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चार दिवस आधीपासून बंद ठेवायला सांगितले आहे. सुया दुखतात का, सिटिंग किती लागतील आणि गोळ्या बंद कराव्यात का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. गोळ्या बंद करू नका. स्टेंट बसवल्यावर पहिल्या वर्षात या दोन गोळ्या दिल्या जातात त्या स्टेंटच्या जागी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, आणि त्या मध्येच सोडल्या तर हृदयविकाराचा झटका येण्याचा खरा धोका असतो. त्यांत बदल करण्याचा अधिकार फक्त आपल्या हृदयरोगतज्ज्ञांचा आहे. ॲक्युपंक्चरसाठी तसा बदल करण्याची गरजही नसते. आम्हा ॲक्युपंक्चर करणाऱ्यांची नेहमीची सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, भरीव आणि निमुळत्या टोकाची असते, तर इंजेक्शनची सुई तिच्या दुपटीहून जाड, पोकळ आणि धारदार कडेची असते. त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णात सहसा जास्तीत जास्त रक्ताचा एखादा थेंब येतो किंवा त्वचेखाली निळसर डाग पडतो. अशा रुग्णाला मी अधिक बारीक सुया लावतो, त्यांची संख्या कमी ठेवतो, खोलवर टोचणे व सुई जोरात फिरवणे टाळतो आणि सुई काढल्यावर कापसाने नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरतो. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारे दुसरे औषध घेणाऱ्यांचा अलीकडचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी तपासणी) पाहिल्याशिवाय मी सुरुवात करत नाही. ज्या केंद्राने हृदयाच्या गोळ्या स्वतःच्या अधिकारात बंद करायला सांगितल्या, तेथे उपचार घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सुया दुखतात का आणि सिटिंग किती, हे प्रश्न प्रत्येक नवा रुग्ण विचारतो. पण त्यांच्या मागे असलेला खरा प्रश्न, म्हणजे ‘हा उपचार मला लागू पडतो आहे की नाही, हे मला कधी आणि कशावरून कळेल?’ हा मात्र फार थोडे जण विचारतात. झिजेचे दुखणे मुळात चढउतार होणारे असते. पावसाळ्यात वाढते, लग्नकार्यात उभे राहून वाढते, नंतर आपोआप थोडे कमीही होते. रुग्ण बहुधा दुखणे शिगेला पोचल्यावर येतो, त्यामुळे पुढच्या पंधरवड्यात काहीही केले तरी थोडा आराम पडण्याची शक्यता असते. तो आराम सुयांचा की काळाचा, हे ओळखण्याची सोय आधी करून ठेवली नाही, तर विसाव्या सिटिंगनंतरही रुग्ण ‘थोडे बरे वाटते, पण नक्की सांगता येत नाही’ असेच म्हणत राहतो.

गुडघ्याच्या झिजेवर ॲक्युपंक्चरचा किती उपयोग होतो, याबाबत संशोधन काय सांगते ते आपल्याला माहीत असायला हवे. जर्मनीत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १,००७ रुग्णांचे तीन गट केले होते. सर्वांना फिजिओथेरपी आणि गरजेपुरती वेदनाशामके मिळत होती. शिवाय पहिल्या गटाला पारंपरिक पद्धतीने सुया, दुसऱ्याला भलत्याच ठिकाणी वरवर टोचलेल्या, म्हणजे तुलनेसाठीच्या ‘खोट्या’, सुया आणि तिसऱ्याला केवळ डॉक्टरांच्या भेटी असे दहा वेळा दिले गेले. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा पुरेसा आराम पडलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५३.१, ५१.० आणि २९.१ टक्के होते. म्हणजे सुया घेतलेल्यांना न घेतलेल्यांपेक्षा बराच जास्त आराम पडला, परंतु नेमका बिंदू साधल्याने पडलेला फरक किरकोळ होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीतही खऱ्या आणि खोट्या ॲक्युपंक्चरमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. उलट, दीर्घकालीन दुखण्यांवरच्या ३९ चाचण्यांतील सुमारे २१ हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या विश्लेषणात खऱ्या सुयांचा परिणाम खोट्या सुयांपेक्षा लहानसा पण निश्चित अधिक दिसला आणि एक वर्षानंतरही तो बऱ्याच अंशी टिकून होता. हाच पुरावा समोर असताना ब्रिटनमधील ‘नाइस’ ही उपचारांविषयी मार्गदर्शन करणारी संस्था गुडघ्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे म्हणते, तर अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली त्याची सशर्त शिफारस केली. दोन जबाबदार संस्थांचे मत असे वेगळे पडते, यावरूनच ‘शंभर टक्के गुण’ ही भाषा किती निराधार आहे हे आपल्या लक्षात येईल.

मग आपल्याला मी नको म्हणतो का? नाही, आणि त्याचे कारण आपल्या बाकीच्या परिस्थितीत आहे. ज्यांचे हृदय, मूत्रपिंड आणि पोट धडधाकट आहे त्यांना अल्पकाळ वेदनाशामक गोळी घेण्याचा पर्याय असतो. आपल्याला तो नाही, कारण त्या गोळ्या हृदयावरचा धोका वाढवतात आणि ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलच्या जोडीला आल्या की जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यताही वाढवतात. अशा वेळी मर्यादित पण खरा आराम देऊ शकणारा आणि नीट केल्यास फार कमी धोक्याचा उपचार करून पाहणे मला रास्त वाटते. त्याच्याकडून अपेक्षा मात्र योग्य ठेवावी. सुईने झिजलेली गादी भरून येत नाही, गुडघ्यात वंगण तयार होत नाही, वाकलेला पाय सरळ होत नाही. सुईने दुखणे काही काळ खाली येऊ शकते. त्या काळात मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम करून घेतले आणि वजन थोडे उतरवले, तर मिळालेला आराम टिकण्याची शक्यता वाढते. व्यायाम न करता नुसत्या सुया घेणारे माझे रुग्ण काही महिन्यांनी पुन्हा त्याच जागी आलेले मी पाहिले आहेत. म्हणून मी पहिल्या दिवशीच व्यायाम लिहून देतो किंवा फिजिओथेरपिस्टकडे पाठवतो.

उपचार लागू पडतो की नाही हे कळण्यासाठी एक साधी वही ठेवा. सुया सुरू करण्याच्या आधीचा एक आठवडा रोज रात्री चार गोष्टी लिहा: दिवसभरातले सर्वाधिक दुखणे शून्य ते दहामध्ये किती होते, ओट्यापाशी सलग किती मिनिटे उभे राहता आले, जिन्याच्या किती पायऱ्या न थांबता चढलात किंवा उतरलात, आणि दुखण्यासाठी मलम अथवा पॅरासिटामॉल किती वेळा लागले. शेवटचे दोन आकडे मला पहिल्यापेक्षा अधिक विश्वासाचे वाटतात, कारण ‘दुखणे किती’ याचे उत्तर मनःस्थितीप्रमाणे बदलते, पायऱ्या आणि गोळ्या मात्र मोजता येतात. मग सहाव्या सिटिंगनंतर तुलना करायची, हे आधीच ठरवा. दुखण्याचा आकडा निदान तिसऱ्या हिश्शाने उतरला असेल आणि उभे राहण्याची वा चढण्याची ताकद स्पष्ट वाढली असेल, तर पुढे चार ते सहा सिटिंग घेऊन अंतर वाढवत न्यावे. थोडाच फरक असेल तर बिंदू किंवा पद्धत बदलून आणखी दोन-तीन वेळा पाहता येते. काहीच फरक नसेल तर थांबावे. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी योजनेने २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च देताना हीच शिस्त घातली आहे: ९० दिवसांत १२ सिटिंग, सुधारणा दिसली तरच आणखी ८, आणि सुधारणा नसेल तर उपचार बंद. आजार वेगळा असला तरी ही पद्धत मला अनुकरणीय वाटते.

म्हणून ‘किती सिटिंग’ या प्रश्नाचे माझे उत्तर आठवड्यातून एक ते दोन वेळा, सहा वेळा, मग निर्णय, असे आहे. दुखणे किती जुने आहे, गुडघ्याला सूज आहे का, वजन किती आहे, झोप लागते का, यांवर पुढचा आकडा अवलंबून राहतो आणि तो पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. काही रुग्णांना पहिल्या सिटिंगच्या रात्री दुखणे थोडे वाढते आणि एक-दोन दिवसांत उतरते, त्याने घाबरू नये. तसे प्रत्येक वेळी होत असेल तर मात्र उत्तेजन जास्त होते आहे असे समजून ते कमी करायला सांगावे.

पहिली भेट लांबते, आणि लांबायला हवी. दुखणे कधी सुरू झाले, सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो, औषधे कोणती, झोप, भूक, पोट, पाळी बंद होऊन किती वर्षे झाली, असे बरेच विचारले जाते. पारंपरिक पद्धतीने शिकलेला चिकित्सक नाडी आणि जीभही पाहतो, म्हणून त्या दिवशी जीभ घासू नये आणि जाण्याआधी चहा-कॉफी किंवा विडा टाळावा, म्हणजे जिभेचा रंग बदलत नाही. एक्स-रे, साखरेचे आणि हृदयाचे अलीकडचे अहवाल व औषधांची पूर्ण यादी बरोबर न्यावी. गुडघ्याच्या वरपर्यंत सहज सरकवता येईल असा सैल पायजमा किंवा सलवार घालावी.

सुया दुखतात का, याचे उत्तर ‘टोचल्याचे क्षणभर जाणवते, पण इंजेक्शनसारखे नाही’ असे आहे. सुई योग्य खोलीवर गेल्यावर जडपणा, ताण, बोथट ठणका किंवा मुंग्या आल्यासारखी जाणीव होते आणि ती अपेक्षित असते. विजेचा झटका बसल्यासारखी तीव्र कळ किंवा जळजळ होत राहिली तर गप्प बसून सोसू नये, लगेच सांगावे, म्हणजे सुईची जागा बदलता येते. गुडघ्यासाठी साधारणपणे वाटीच्या खालचे दोन्ही खळगे, वाटीखाली चार बोटांवर नडगीच्या बाहेरच्या बाजूचा बिंदू, आणि गुडघ्याच्या आतल्या व बाहेरच्या बाजूचे काही बिंदू निवडले जातात. सुया वीस ते तीस मिनिटे ठेवल्या जातात. तेवढा वेळ पाय न हलवता पडून राहायचे असते. पहिल्या वेळी मी कोणालाही बसवून सुया लावत नाही, कारण भीतीने किंवा रिकाम्या पोटी काही जणांना घेरी येते. तसे झाल्यास सुया काढून पाय उंच केले की बहुतेकांना काही मिनिटांत बरे वाटते. सुयांना मंद विद्युतप्रवाह जोडण्याचीही पद्धत आहे आणि दुखण्यात ती उपयोगी पडते, परंतु पेसमेकर असलेल्यांना ती देऊ नये. आपल्याला फक्त स्टेंट आहे, पेसमेकर नाही, तरी हृदयाचा इतिहास असल्याने सुरुवातीला मी ती वापरणार नाही.

मधुमेहाविषयी स्वतंत्रपणे लिहितो, कारण तेथे हलगर्जीपणा महागात पडतो. जेवणाची वेळ चुकवून आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन सुयांसाठी येऊ नये. साखर उतरली की होणारी घाबरगुंडी आणि सुयांची घेरी सारखीच दिसते आणि त्यात वेळ जातो. एक-दोन तास आधी हलके खाऊन यावे. पावलांची संवेदना कमी झाली आहे का, हे चिकित्सकाने आधी तपासायला हवे. ती कमी असेल तर पावलांना सुया लावण्यात मी फार संयम बाळगतो, आणि दवण्याच्या कुळातील वनस्पतीची वाळलेली पाने जाळून बिंदूला शेक देण्याची मॉक्सा नावाची पद्धत मुळीच वापरत नाही, कारण चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही आणि मधुमेहात भाजलेली जखम लवकर भरत नाही. भेग, फोड, जखम किंवा सुजलेली लाल त्वचा असेल तेथे सुई लावू नये. सुयांबरोबर ‘शक्तीची’ म्हणून बिनलेबलची पुडी किंवा गोळी मिळाली तर ती घेऊ नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार आढळले आहेत आणि त्याने दुखणे झटकन थांबते, पण साखर भडकते.

धोक्यांचे प्रमाण कमी आहे, ते शून्य नाही. जर्मनीतील दोन लाख एकोणतीस हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत ८.६ टक्के रुग्णांनी काही ना काही त्रास नोंदवला. त्यात थोडे रक्त येणे किंवा काळेनिळे पडणे सर्वाधिक, म्हणजे ६.१ टक्के होते. दोन रुग्णांच्या फुफ्फुसाला सुई लागून छातीत हवा साठली होती. तो धोका छाती, खांदा व पाठीच्या वरच्या भागातील सुयांचा असतो, गुडघ्याच्या नव्हे, पण त्यावरून हे काम शिकलेल्या हातांनीच का करायचे ते समजते. गर्भवतींनी आपली अवस्था आधीच सांगावी, कारण काही बिंदू त्या काळात टाळले जातात. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या हाताला सूज आहे त्या हातात सुया टाळाव्यात.

स्वच्छतेच्या बाबतीत संकोच करू नये. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडले जावे आणि त्यावरची मुदत वाचावी. सुया मोजून लावाव्यात, मोजून काढाव्यात आणि काढलेल्या सुया लगेच न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकाव्यात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत धारदार वस्तूंसाठी असाच डबा सांगितला आहे. रुग्णाच्या नावाची डबी करून त्याच सुया स्पिरिटमध्ये बुडवून पुढच्या वेळी वापरणारे अजूनही आढळतात. स्पिरिटने सुई निर्जंतुक होत नाही, आणि डब्यांची अदलाबदल झाली तर कावीळ ब सारखा संसर्ग होऊ शकतो. तेथून उठून यावे.

चिकित्सक निवडताना नोंदणी विचारावी. केंद्र सरकारने २००३ साली ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून आणि २०१९ साली स्वतंत्र आरोग्यपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आणि महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आहे, त्यामुळे येथील व्यावसायिकाला नोंदणी क्रमांक विचारणे हा आपला हक्क आहे. (सोलापूरच्या डॉ. कोटणिसांनी ही पद्धत भारतात आणली असा आपल्याकडे अनेकांचा समज असतो. ते शल्यचिकित्सक होते आणि १९४२ साली चीनमध्येच वारले. चीनला गेलेल्या त्यांच्याच भारतीय वैद्यकीय पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून कोलकात्यात ते सुरू केले.) नोंदणीइतकेच महत्त्व मी आणखी एका प्रश्नाला देतो: ‘मला गुण आला नाही तर तुम्ही मला कोणाकडे पाठवाल?’ ज्याच्याकडे या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे, तो सहसा आपल्या मर्यादा जाणतो.

हे चालते कसे, हेही आपल्या मनात असेल. परंपरेत ‘ची’ (शरीरात वाहणारी जीवनशक्ती) आणि तिच्या वाहिन्यांची भाषा आहे, आणि बिंदू निवडताना मी स्वतः ती वापरतो. प्रयोगशाळेत दिसते ते असे, की सुईच्या उत्तेजनाने मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेचे संदेश मंदावतात आणि मेंदूतील एंडॉर्फिनसारखी वेदना कमी करणारी द्रव्ये स्रवतात. खोट्या सुयांनीही काही आराम का पडतो, याचे एक कारण त्यातच असावे, कारण तेथेही त्वचेतील मज्जातंतूंना उत्तेजन मिळतेच. शिवाय अर्धा तास शांत पडून राहणे आणि कोणीतरी लक्षपूर्वक ऐकून घेणे, यांचाही वाटा असतो.

आता त्या वीस सिटिंगच्या पॅकेजविषयी. ते घेऊ नका. पैसे आगाऊ भरले की गुण न आल्यावर थांबण्याचे स्वातंत्र्य जाते आणि रुग्ण ‘भरलेच आहेत तर संपवू’ म्हणून खेटे घालत राहतो. प्रत्येक वेळी पैसे देण्याची किंवा फार तर सहा सिटिंगचीच रक्कम भरण्याची सोय मागा. मधुमेह, कर्करोग किंवा पक्षाघात बरा करण्याची जाहिरात दिसली तर दूर राहा. अशा अनेक आजारांवरच्या उपचारांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ॲक्युपंक्चर कोणत्या आजारांवर चालते याची जागतिक आरोग्य संघटनेची २००३ सालची यादी अनेक केंद्रांच्या भिंतीवर असते. ती त्या वेळच्या, बऱ्याचदा लहान आणि सदोष चाचण्यांवर आधारलेली आहे, तिला प्रमाणपत्र समजू नये.

पहिल्या सिटिंगआधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना एवढेच विचारा, की गोळ्या चालू ठेवून बारीक सुयांचा उपचार घेण्यास त्यांची हरकत आहे का, आणि त्यांचे उत्तर कागदावर लिहून घ्या. तोवर गुडघ्याला लावायचे वेदनाशामक मलम चालेल का, हेही त्यांनाच विचारा. उपचारांच्या काळात एखादा गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, दुखण्याने रात्री जाग येऊन वजनही घटू लागले, किंवा छातीत दडपल्यासारखे झाले, तर सुयांची पुढची तारीख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालयात जा.